तीस इंचांवरचा डाग

१

चोरीला गेली ती माती होती. सोनं नव्हे, तांब्याची भांडी नव्हेत, सायमन मास्तरांच्या कोंबड्याही नव्हेत. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि तीन इंच जाड अशी मातीची एक अखंड वडी, लाकडी पेटीत बसवलेली, वर झाकण ठोकलेलं. १९५१ सालच्या जानेवारीतल्या एका गुरुवारी, विहिरींच्या पाण्याचे नमुने बाटल्यांत भरून दिनानाथ जगदाळे सकाळी परतला, तेव्हा मास्तरांच्या ओटीवर तीन पेट्यांच्या जागी दोन होत्या.

दोनतळे आळी म्हणजे बोळिंजच्या पश्चिमेला, समुद्राच्या अलीकडे, केळी आणि पानवेलींत बुडालेली तीस घरं. दुपारी बारालाही तिथल्या वाड्यांत संध्याकाळ असते. दिनानाथ कऱ्हाडकडचा. पुण्याला शेतकीच्या एम.एस्सी.चा अभ्यास करत होता आणि विषय होता वसईच्या बागायती जमिनीचे थर. थर बघायचे तर खड्डा खणावा लागतो. सहा फूट लांब, तीन फूट रुंद, पाच फूट खोल, असं त्याच्या पुस्तकात माप दिलेलं होतं. त्याच मापाचे खड्डे आळीत आणखी एक माणूस खणत असे. पण तो गिऱ्हाईक आल्यावर खणायचा. दिनानाथनं गिऱ्हाईक नसताना तीन खणून ठेवले. तेव्हापासून बायका पाण्याला जाताना लांबची वाट धरू लागल्या होत्या, आणि तिसऱ्या खड्ड्याकडे तर कुत्रीही फिरकत नव्हती.

"पेटी गेली तर गेली," घरमालक सायमन मास्तर चर्चमधल्या मिस्साहून येऊन टोपी खुंटीला लावत म्हणाले. मास्तर मराठी शाळेतून हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले. चाळीस वर्षं पोरांच्या खोड्या शोधल्यामुळे त्यांना कशाचंच नवल वाटत नसे. "माती इथे पुष्कळ आहे. दुसरी भर."

"मास्तर, तिसरी पेटी हाच माझा प्रबंध आहे!"

मग त्यानं सगळं सांगितलं. नोव्हेंबरात आळीतल्या इझाबेलबायच्या वाडीत एका जागी त्यानं खालची माती काढायचं गिरमिट घातलं होतं. तीस इंचांवरच्या मातीत फॉस्फेट निघालं आजूबाजूच्या आठपट. पुण्याला कुणी विश्वास ठेवला नाही. त्याचे प्रोफेसर कारखानीस म्हणाले, बाटली धुतली नसशील. म्हणून या खेपेला त्यानं तिथेच खड्डा खणला. खड्ड्याच्या भिंतीत, पिवळ्या मातीच्या पोटात, बरोबर तीस इंचांवर काळा डाग दिसला, हातभर लांब आणि वीतभर रुंद. तो डाग पुराच पेटीत यावा अशा बेतानं त्यानं वडी कापली. आता शनिवारी प्रोफेसर बाहेरच्या परीक्षकांना घेऊन येणार होते. डाग दाखवला तर पदवी. नाही दाखवला तर वर्ष बुडालं. आणि स्कॉलरशिप मार्चमध्ये संपत होती.

मास्तरांनी ओटी न्याहाळली. उरलेल्या दोन पेट्या भिंतीला लावून, एकावर एक, काटकोनात रचलेल्या होत्या.

"काल तू अशाच ठेवल्या होत्यास?"

"नाही. तिसरी सगळ्यांत खाली होती. तिच्यावर ह्या दोन."

"म्हणजे चोरानं वरच्या दोन उतरवल्या, खालची घेतली आणि जाताना आवरून गेला," मास्तर म्हणाले. "माझ्या शाळेत असा एकही पोरगा नव्हता."

तेवढ्यात कुंपणाचं फाटक करकरलं. आळीचा सुतार वॉल्टर आत आला. तिन्ही पेट्या त्यानंच केलेल्या; एरवी तो ज्या पेट्या करायचा त्या परत येत नसत. त्याचा चेहरा उतरला होता.

"मास्तर, कबरस्तानात नवी कबर आहे."

"कुणाची?"

"तेच विचारायला आलो. आळीत मेलंय कोण? आणि माझ्याकडनं पेटी न नेता?"

२

कबरस्तान समुद्राच्या बाजूला, सुरूंच्या रांगेआड. जमीन सगळी पांढरी वाळू. धुकं अजून उठलं नव्हतं, आणि त्या धुक्यात जुने क्रूस कमरेपर्यंतच दिसत होते. माणसं पाण्यात उभी असावीत तसे.

नवी कबर कोपऱ्यात होती. लहान. दिनानाथनं खिशातली टेप काढली आणि मग हे बरं दिसेल का असं वाटून मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी मान हलवली.

"चार फूट दोन इंच," दिनानाथ म्हणाला. पेटी बाहेरून चार फूट एक इंच होती.

उशाला बांबूच्या दोन कामट्यांचा क्रूस होता, केळीच्या सोपटानं बांधलेला. नाव नव्हतं.

"सुतारानं खिळा मारला असता," मास्तर वॉल्टरकडे न बघता म्हणाले.

"म्हणजे माझ्यावर संशय होता की काय!"

"आता नाही. सोपटाची ही गाठ पानवेल खांबाला बांधताना मारतात. तुला ती कधी जमली नाही, शाळेपासून."

वाळूच्या ढिगावर, बरोबर मधोमध, मूठभर काळी माती पडली होती. मयतीला आलेला प्रत्येक माणूस मूठभर माती टाकतो, पण इथली माती पांढरी. ही मूठ कुणीतरी दुरून बरोबर आणली होती.

दिनानाथ गुडघ्यावर बसला. या एका गोष्टीत त्याला कुणाला विचारावं लागत नसे. त्यानं चिमूट उचलली, थुंकीनं ओली केली, बोटांत वळली, जिभेला लावली. वॉल्टरनं छातीवर क्रूसाची खूण केली.

"बागेतली आहे," दिनानाथ म्हणाला. "मासळीच्या खतावर वाढलेली. हे खवले बघा. पण ह्यात हे पिवळे कण आहेत. पिवळी माती वर नसते, दोन फुटांखाली असते. म्हणजे ही मूठ खड्ड्याशेजारच्या ढिगातली. पहिल्या दोन खड्ड्यांत खाली करडी चिकणमाती लागली." तो उठला. त्याचा आवाज बदलला होता. "पिवळी फक्त तिसऱ्यात. मास्तर, खाली माझी पेटी आहे! कुदळ आणा!"

"ती कबर आहे, बाबा."

"कबर कसली? पेटी आहे माझी!"

"दोन्ही असू शकतं," मास्तर म्हणाले.

"हात लावू नका."

हे बोलला तो मायकल. कबरी खणणारा मायकल सुरूच्या खोडाआडून केव्हा आला ते कुणालाच कळलं नव्हतं. हातात फावडं होतं आणि फावड्याला ओली वाळू.

"तू खणलीस, मायकल?" मास्तरांनी विचारलं.

"नाही."

मायकलला खोटं बोलायची सवय नव्हती. त्याच्या गिऱ्हाइकांनी त्याला आजवर काही विचारलंच नव्हतं. त्यामुळे ते 'नाही' फार वाईट निघालं. मास्तरांनी कबरीची कड पाहिली. फूटपट्टीनं आखावी तशी सरळ होती.

मास्तर पुढे काही विचारणार, तोच सुरूंपलीकडून फादर येताना दिसले. फादरनी कबरीकडे पाहिलं, मायकलकडे पाहिलं, मग शांतपणे छत्री उघडली आणि तिच्याआडून निघून गेले. ऊन नव्हतं. पाऊस तर नव्हताच.

३

"दोन मणांचं वजन आहे," परतताना दिनानाथ बोटं मोडत म्हणाला. "एकट्याचं काम नव्हे. मायकल एक. दुसरा जगन्नाथनाना. पहिल्यापासून ते माझ्या वाईटावर आहेत."

जगन्नाथ चुरी हे इझाबेलबायचे शेजारी. त्यांच्या पानमळ्याला इझाबेलबायची वाडी चिकटलेली. पहिला खड्डा त्यांच्याच मळ्यात होता, आणि तो खणताना ते दिवसभर काठावर खुर्ची टाकून बसले होते, खड्डा पळून जाईल अशा थाटात.

नाना विहिरीवर रहाटाच्या बैलाला ओरडत होते. मास्तरांना बघून बैलाची सुटका झाली.

"माती चोरली? मी?" नाना गरजले. "अहो मास्तर, मला माती चोरायची असती तर माझी चोरली असती! हा पोरगा माझ्या मळ्यातली माती पेटीत घालून पुण्याला नेणार, तिथे तिला खारी म्हणणार, आणि उद्या सरकार म्हणणार, नाना, तुमचं हे खाजण आहे. मी त्या पेटीवर एकदा पाण्याची घागर ओतणार होतो, खोटं कशाला बोलू?"

"कुठल्या पेटीवर?"

"माझ्या! एक नंबरच्या!"

"ती जागेवर आहे," मास्तर म्हणाले. "घागर ओतलेली नाही."

"बायकोनं नको म्हटलं," नाना खट्टू होऊन म्हणाले.

मास्तर विहिरीच्या कठड्यावर टेकले. "नाना, इझाबेलबायच्या वाडीत खड्डा कुठे घ्यायचा, हे ह्याला कुणी दाखवलं? ती तर अर्नाळ्याला होती."

"मीच. नोव्हेंबरात ती बाजाराला गेली होती, आणि आता भाऊ आजारी म्हणून पंधरा दिवस माहेरी. दोन्ही वेळा हा म्हणाला, वाडी दाखवा, मी दाखवली."

"जागा मात्र मी निवडली," दिनानाथ मध्येच म्हणाला. जरा ताठच म्हणाला. "अख्ख्या वाडीत तेवढाच तुकडा रिकामा होता. केळ नाही, वेल नाही, मिरचीचं रोप नाही. म्हणजे कुदळ न लागलेली, जन्मापासून जशीच्या तशी असलेली जमीन. थर बघायला अशी जागा लाखात एक मिळते."

नानांनी त्याच्याकडे दयेनं पाहिलं.

"वसईत, बाबा? इथे आम्ही विहिरीच्या कठड्यावरसुद्धा अळू लावतो. रिकामी जमीन म्हणे! माझ्या बापानं तिला विचारलं होतं, बाय, तेवढ्यात पांगाऱ्याचे चार खांब घालू का, वेल चढवू. तर कोयता घेऊन आडवी उभी राहिली. चाळीस वर्षं झाली. लोक म्हणतात, तिथे काहीतरी आहे. आम्ही बोट दाखवत नाही तिकडे."

"पण मला तुम्ही सांगितलं नाहीत!"

"तू विचारलंस का? तू नुसता टेप लावत होतास."

मास्तर उठले आणि इझाबेलबायच्या वाडीत शिरले. दिनानाथ मागोमाग.

केळीच्या पानांखाली हिरवा काळोख होता. कुठे तरी पानावरून दव ठिबकत होतं, तेवढाच आवाज. तिसऱ्या खड्ड्याशी मास्तर थांबले. भिंतीत, जिथून वडी कापली होती, तिथे चौकोनी उभी खाच होती. दार उघडं टाकून कुणी निघून गेलं असावं तशी. आणि खाचेत, जमिनीपासून तीस इंच खाली, फुलं ठेवलेली होती.

तगरीची पांढरी फुलं. वर तगरीचं झाड नव्हतं. ती पडलेली नव्हती, ओळीनं मांडलेली होती.

"तुझं शास्त्र थर वाचतं ना?" मास्तर हलकेच म्हणाले. "वाच."

दिनानाथ खड्ड्यात उतरला. "तळाला सुकून तपकिरी झालेली. त्यावर मलूल. त्यावर..." त्यानं बोट लावलं. "ही कालची असतील. कडा नुकत्याच पिवळ्या पडल्यात. सोमवार, मंगळवार, बुधवार."

"आणि आजची?"

"आजची नाहीत."

"इझाबेलबाय रविवारी अर्नाळ्याहून आली," मास्तर म्हणाले. "आज सकाळी मात्र कुणी फुलं ठेवली नाहीत. का?"

दिनानाथनं वर पाहिलं. मास्तरांचा चेहरा दिसत नव्हता, नुसती टोपी दिसत होती.

"कारण आज इथे कुणी नाही," मास्तर म्हणाले.

४

खड्ड्यातून वर यायला दिनानाथला एरवी अर्धं मिनिट लागे. या वेळी त्याला ते उडी मारून साधलं.

मास्तर मातीच्या ढिगावर बसले आणि त्यांनी धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसला. शाळेत हे झालं की पोरं खिशातल्या कैऱ्या आपण होऊन बाहेर काढत.

"एक सांग. तुझ्या विद्येतलंच विचारतो. ह्या जमिनीत एखादं लहान हाड किती वर्षं टिकेल? अगदी लहान. पाखराच्या हाडाएवढं कोवळं."

"इथे?" दिनानाथ परीक्षेत प्रश्न आल्यासारखा सरसावला. "रोजचं पाणी, वर कुजणारं खत, म्हणून पाझर आंबूस. कोवळं असेल तर वीस वर्षंसुद्धा पुष्कळ झाली. चाळीस वर्षांत काहीच उरणार नाही. हाताला लागेल असं काही नाही. फक्त माती काळसर होईल आणि हाडातलं फॉस्फेट..."

तो थांबला.

रहाटाची करकर लांबून येत होती. एक फेरा झाला, दुसरा झाला.

"आठपट," दिनानाथ म्हणाला.

"डाग हातभर लांब आणि वीतभर रुंद होता, असं तूच सांगितलंस," मास्तर म्हणाले. "ती कुदळ न लागलेली जमीन नव्हती रे. एकदा लागली होती. म्हणून पुन्हा कधी लागू दिली नाही."

मग त्यांनी हिशेब मांडला, फळ्यावर मांडावा तसा. चोराला पेटी नको होती. पेटी हवी असती तर वरची उचलली असती. त्याला वसईची माती नको होती. ती तर पायाखाली आहे. त्याला तिसऱ्याच खड्ड्यातली माती हवी होती आणि ती विकायची, लपवायची, नासायची नव्हती. क्रूस लावून, मूठ टाकून पुरायची होती. मूठ त्याच ढिगातली, गाठ पानवेलीची. नाना वेली बांधतात, पण नाना क्रूस लावणार नाहीत. वॉल्टर क्रूस लावेल, पण खिळा मारेल. आणि आज मिस्साला इझाबेलबायची जागा रिकामी होती. तिसऱ्या बाकाचं उजवं टोक. मास्तर त्याच्या मागेच बसत आले होते. ती आळीत असताना ते टोक त्यांनी याआधी कधी रिकामं पाहिलं नव्हतं.

"पण चोरून कशाला?" दिनानाथ म्हणाला. "लेकरू गेलं तेव्हाच कबरस्तानात का नाही नेलं?"

उत्तर मागून आलं.

"बाप्तिस्मा नव्हता."

इझाबेलबाय केळीच्या बुंध्याशी उभी होती. साठीची, काटक, लाल लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. हातात कोयता होता. दिनानाथनं आधी कोयता पाहिला, मग तिच्या पायांकडे पाहिलं. पोटऱ्यांना पांढरी वाळू चिकटली होती.

"बाय, तू बोलायलाच हवं असं नाही," मास्तर म्हणाले.

"बोलते. पोरगा घाबरलाय." ती खड्ड्याच्या काठावर उकिडवी बसली आणि खाचेकडे बघत बोलू लागली, दिनानाथकडे नाही. "तासभर होता. नवरा फादरला आनाया पळाला. फादर गेलेले नायगावला. मी त्याला धरून बसले, वाट बघत. मी इशीची, पोरच होते, मास्तर. मला कोनी सांगितलंच नव्हतं का अडल्या वेळी पानी कोनीबी घातलं तरी चालतं. तांब्या हाताशी होता. रहाट चालू होता. तासभर पानी वाहत होतं इथनं."

तिनं पोटरीची वाळू हातानं झाडली.

"मायकलच्या बापाकडे नवरा गेला. तो रडला, पन नाय म्हनाला. नियम तसा. बाप्तिस्म्याबिगर आत घेत नव्हते. मग आमी हितं ठेवला. कोनाला नाय सांगितलं. मी वर काय लावलं नाय. पायाखाली असायचा, तेवढंच." तिनं कोयता मातीत रोवला. "रविवारी आले तर जागा उघडी. मी मायकलला विचारलं, माती कुटं? तो म्हनाला, पेटीत घालून पुन्याला नेनार. पुन्याला थंडी फार, मास्तर. त्याला सोसली नसती."

"आणि मायकल?"

"त्याला सगळं सांगावं लागलं. ऐकून घेतलं, न् फावडं उचललं. म्हनाला, बापाचं राहिलेलं काम हाय."

दिनानाथनं तोंड उघडलं. दोन महिने तो या आठपट फॉस्फेटवर भाषण तयार करत होता. 'खोल फॉस्फेटचा थर: एक नवी उपपत्ती', असं प्रकरणाचं नावही ठरलं होतं. त्यानं ते तोंड मिटलं.

"सगळी गेली ना रे माती?" इझाबेलबायनं त्याला पहिल्यांदाच थेट विचारलं. "त्या पेटीत सगळा आला ना? का काय मागं राहिलं?"

५

मागं राहिलं होतं.

दिनानाथच्या ट्रंकेत कापडी पिशवी होती: खड्डा तीन, खोली तीस इंच, वजन पाव शेर. पुन्हा तपासणी करण्यासाठी त्यानं डागाच्या मधूनच काढून ठेवली होती. पेटी नसली तरी चालणार होतं. परीक्षकांच्या हातात ती पिशवी दिली असती, तर त्यांनी आपल्याच बाटलीत तपासून आठपट फॉस्फेट मान्य केलं असतं. फक्त ते आलं कुठून, एवढं सांगावं लागलं असतं. किंवा सांगावं लागलं नसतं. नवी उपपत्ती होतीच.

इझाबेलबायला त्यानं उत्तर दिलं नव्हतं. 'बघतो,' म्हणाला होता. दुपारभर तो ट्रंकेवर बसून राहिला.

मास्तरांनी त्याला काही सुचवलं नाही. त्यांनी चहा आणून ठेवला, तो निवला, मग त्यांनी तोही नेला.

"मास्तर, तुम्ही काय केलं असतं?" शेवटी त्यानं विचारलं.

"मी मॅट्रिक आहे," मास्तर म्हणाले. "एम.एस्सी.च्या पेपरात मी कॉपी कशी सांगू?"

उन्हं उतरताना दिनानाथ पिशवी घेऊन वाडीत गेला. इझाबेलबाय वेली बांधत होती. त्यानं पिशवी दोन्ही हातांनी पुढे केली. तिनं ती घेतली, तळहातावर जोखली आणि छातीशी धरली. वजन विचारलं नाही. मग ती तशीच, अनवाणी, सुरूंच्या बाजूला चालू लागली. वाटेत मायकलचं घर होतं. तो फावडं खांद्यावर टाकून निमूट मागे निघाला.

शनिवारी प्रोफेसर कारखानीस आले. सोबत बाहेरचे परीक्षक. दोघांनी पहिला खड्डा पाहिला, जगन्नाथनानांचं भाषण ऐकलं, दुसरा पाहिला. मग प्रोफेसर म्हणाले, "चला, आता तुमचा तो प्रसिद्ध तिसरा."

"तो बाद केलाय, सर."

"बाद?"

"जागा निवडण्यात माझी चूक झाली. जमीन पूर्वी खणलेली होती. थर मूळचे नाहीत. फॉस्फेटचा आकडा खरा आहे, पण त्याला अर्थ नाही."

"पूर्वी खणलेली? कशासाठी?"

आळीतली माणसं कुंपणाबाहेर उभी होती. वॉल्टर होता, मायकल होता, नाना तर होतेच. फादर छत्री घेऊन उभे होते. प्रश्न सगळ्यांना ऐकू गेला होता आणि आता कुणी खोकतही नव्हतं. दिनानाथला वाटलं, आपण बोललो नाही तर ही माणसं अशीच उभी राहतील, कबरस्तानातल्या क्रुसांसारखी, कमरेपर्यंत.

"विचारलं मी, सर. आता कुणाला आठवत नाही."

प्रोफेसरांनी कुंपणाकडे पाहिलं. ते वाईट शास्त्रज्ञ नव्हते. तीस तोंडं एकाच वेळी एकच गोष्ट विसरू शकत नाहीत, हे त्यांना कळत असावं. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं आणि वही मिटली.

"दोन खड्ड्यांवर प्रबंध होत नाही, जगदाळे. तिसरा नव्यानं घ्यावा लागेल. म्हणजे पुढचं वर्ष. आणि स्कॉलरशिपचं मला काही सांगता येत नाही."

"हो, सर."

ते गेले. माणसं पांगली. नाना जाताना एवढंच म्हणाले, "राहायचं कुठे हा प्रश्न असेल, तर माझी ओटी मास्तरांच्या ओटीपेक्षा मोठी आहे. फक्त पेट्या आणू नकोस."

सोमवारी दिनानाथ सामान बांधत होता. टेप, गिरमिट, रिकाम्या बाटल्या. गावी जाऊन वडिलांना काय सांगायचं ते तो मनात जुळवत होता, आणि ते काही केल्या जुळत नव्हतं. बाहेरून मास्तरांनी हाक मारली.

फाटकाशी इझाबेलबाय उभी होती. "टेप घे न् चल," ती म्हणाली.

तिनं त्याला वाडीच्या पार उत्तरेच्या टोकाला नेलं. तिथे तिच्या सगळ्यांत जुन्या पानवेली होत्या, वीत वीत लांब पानांच्या, आळीतल्या सगळ्या लग्नांचे विडे जिथून जायचे त्या. त्यातल्या एका अख्ख्या ओळीच्या वेली मुळासकट उपटून बाजूला रचल्या होत्या. खांबही काढलेले. उघडी पडलेली जमीन तिनं झाडून घेतली होती. मायकल फावडं टेकून उभा होता.

"मोज," ती म्हणाली.

दिनानाथनं टेप सोडली. सहा फूट. तीन फूट. त्यानं पुन्हा एकदा मोजलं.

"इतक्या चांगल्या वेली, बाय," तो म्हणाला. "इथे नको. दुसरीकडे कुठेही चालेल."

"हितंच खन," इझाबेलबाय म्हणाली. "खोल खन, पायजे तेवडा. हितं माजं कोनी नाय."